मोल आणि लायकी : ख्रिस्ती विश्वासातून स्वतःची ओळख मिळते म्हणजे नेमके काय होते?

मुळाकाठची (प्रश्न)

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. प्रश्न जरा लांबलचक आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

माझे वय ३१ वर्षे असून मी राहुरी तालुक्यात राहते. आमच्या घराण्यातील माझी ही चौथी ख्रिस्ती पिढी. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक आहेत आणि आई बरीच वर्षे मंडळीच्या स्त्रीसंघाची चिटणीस होती. रविवारच्या शाळेत पाठ केलेली वचने झोपेतून उठवून विचारली तरी मला म्हणता येतील. पदवीनंतर राज्यसेवेच्या तयारीसाठी मी पुण्याला गेले आणि सदाशिव पेठेतील एका अभ्यासिकेत सहा वर्षे काढली. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत आणि एकदा मुलाखतीपर्यंत पोहोचले. अंतिम यादीत मात्र माझे नाव कधीच आले नाही. दीड वर्षापूर्वी घरी परतले आणि आता गावातील आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते.

त्या सहा वर्षांत प्रत्येक निकालाच्या आधी आमच्या मंडळीत माझ्यासाठी प्रार्थना होत असे. त्यामागे प्रेमच होते, याबद्दल मला शंका नाही. पण निकालानंतरच्या रविवारी चर्चच्या दारात दबक्या आवाजात विचारले जाणारे "काय झालं गं?" इतके जड होऊ लागले की, पहिले गीत सुरू झाल्यावर आत जायचे आणि आशीर्वाद होण्यापूर्वी बाहेर पडायचे, असा मी नियमच करून टाकला. गेल्या उपकारस्तुतीच्या उपासनेत नोकरी लागलेल्या आणि परीक्षांत चमकलेल्या तरुणांना पुढे बोलावून हार घालण्यात आले. मी शेवटच्या बाकावर होते आणि टाळ्या मीही वाजवल्या. त्यानंतरच्या उपदेशात आम्हांला सांगण्यात आले की, आपली खरी ओळख आपल्या पदात नाही, ती ख्रिस्तामध्ये आहे. हार घालून झाल्यावर पाव तासाच्या आत हे वाक्य ऐकले, तेव्हा ते मला उत्तेजनार्थ बक्षिसासारखे वाटले. ज्यांना काही मिळाले नाही, त्यांच्या वाट्याला देवाची प्रीती.

यात आणखी दोन गोष्टी मिसळल्या आहेत. एक म्हणजे आपल्या गीतांत आपण स्वतःला पापी, अपात्र, धूळ म्हणतो आणि त्याच उपासनेत आपण देवाच्या दृष्टीने मोलवान आहोत असेही वाचतो. ज्या मनाला आधीच आपण कशाच्याही उपयोगाचे नाही असे वाटत असते, ते यातला पहिला अर्धा भाग ताबडतोब उचलते आणि दुसरा सोडून देते. दुसरी गोष्ट अर्जातील प्रवर्गाच्या रकान्याची. गावात आमची जात सर्वांना माहीत आहे, कागदावर ती नाही, आणि चर्चमध्ये ती नसते असे म्हणतात. लग्न जुळवताना मात्र ती सगळ्यांना आठवते. मग मी नेमकी कोण?

मला सांत्वन नको आहे. ख्रिस्तामध्ये ओळख मिळते याचा अर्थ काय, आणि तो सोमवारी सकाळी शिकवणीला जाताना कसा उपयोगी पडतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी कृपया लिहावे.

निवृत्त पाळक

सलाम, मुली. तुझ्यापेक्षा चाळीस वर्षांनी मोठा आहे, म्हणून एकेरी लिहितो. नगर जिल्ह्यातील चार मंडळ्यांत मी सेवा केली आणि तू लिहिलेस तसे हार मीही घातले आहेत. व्यासपीठावरून शेवटचा बाक अगदी स्वच्छ दिसतो. मी तिकडे पाहिले नाही, हे आधी कबूल करतो.

तुझ्या प्रश्नातील गुंता माझ्या मते दोन शब्दांच्या सरमिसळीतून झाला आहे : लायकी आणि मोल. लायकी म्हणजे एखाद्या कामासाठी लागणारी पात्रता. ती मोजता येते आणि मोजावीही लागते. ज्याला नाडी कळत नाही त्याला वैद्य म्हणून कोणी नेमू नये. मोल म्हणजे आपण कोणाला तरी किती हवे आहोत आणि आपल्यासाठी तो काय वेचायला तयार आहे ही गोष्ट. आपल्या गीतांतील "अपात्र" हा शब्द लायकीविषयी बोलतो. मिळालेली कृपा मी कमावलेली नाही, एवढेच त्याचे म्हणणे आहे. मी कवडीमोल आहे, असे तो म्हणत नाही. उलट ज्याच्यासाठी एवढी किंमत मोजली गेली तो कवडीमोल असूच शकत नाही. हा फरक आम्ही पाळकांनी उपदेशात नीट उलगडून सांगितला नाही, त्यामुळे आपल्या कित्येक मुलांनी नम्रता म्हणजे स्वतःचा तिरस्कार असा अर्थ घेतला. आपल्या भाषेत ही नम्रता मिशनबरोबर आली असेही नाही. संतांनी स्वतःला पतित म्हणवून घेतले ते देवाच्या दाराशी हक्काने बसूनच, आणि तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणणाऱ्या नारायण वामन टिळकांनी तोच सूर आपल्या मंडळ्यांना दिला.

लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील हरवलेल्या नाण्याचा दाखला तू शेकडो वेळा ऐकला असशील. त्या अध्यायात मेंढरू, नाणे आणि पुत्र अशा तीन हरवलेल्यांच्या गोष्टी आहेत. मेंढरू निदान ओरडू शकते आणि पुत्र उठून घराकडे चालू लागतो. नाण्याला मात्र काहीच करता येत नाही. आपण हरवलो आहोत हेदेखील त्याला कळत नाही. तरीही कोपऱ्यात, धुळीत पडलेल्या त्या नाण्याची किंमत स्त्रीच्या पिशवीत असलेल्या उरलेल्या नऊ नाण्यांपेक्षा रतिभरही कमी झालेली नसते, आणि म्हणूनच ती दिवा लावून घर झाडते.

आता उत्तेजनार्थ बक्षिसाविषयी. मत्तयाच्या तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी येशूचा बाप्तिस्मा होतो आणि हा माझा पुत्र, मला परमप्रिय, अशी आकाशातून वाणी होते. त्या दिवसापर्यंत येशूने एकही चमत्कार केलेला मत्तयाने लिहिलेला नाही, एकही प्रवचन नोंदलेले नाही. नासरेथातील एक सुतार, एवढीच त्याची जगाला माहिती. पित्याची पसंती कामाच्या आधी येते, निकालानंतर नाही. आणि लगेच पुढच्या अध्यायात सैतान पहिले वाक्य कोणते बोलतो, ते पाहा : तू देवाचा पुत्र असशील तर या धोंड्यांच्या भाकरी करून दाखव. नुकत्याच मिळालेल्या ओळखीचा पुरावा तो मागतो. तुझ्या मनात रात्री जो आवाज येतो त्याचे व्याकरण हेच आहे. येशू पुरावा देत नाही. तो त्या परीक्षेला बसायलाच नकार देतो.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या धन्याची गोष्ट तर तुझ्यासारख्यांसाठीच आहे असे मला अलीकडे वाटू लागले आहे. आपल्याकडेही तालुक्याच्या गावी सकाळी चौकात मजूर कामाची वाट पाहत उभे असतात. दिवस मावळायला तासभर उरला असताना धनी तिथे पुन्हा येतो आणि उरलेल्यांना विचारतो की, तुम्ही दिवसभर येथे रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हांला कोणी कामावर लावले नाही. हे उत्तर तो खोडून काढत नाही, त्यांना आळशीही म्हणत नाही. त्यांना कामावर घेतो आणि संध्याकाळी पूर्ण दिवसाची मजुरी देतो, कारण त्यांच्या घरची चूलही पूर्ण दिवसाचीच असते. सकाळपासून राबलेले कुरकुरतात ते कमी मजुरी मिळाली म्हणून नाही. तुम्ही यांना आमच्या बरोबरीचे केलेत, ही त्यांची तक्रार आहे. म्हणजे हे मोल तुला हरलेल्यांच्या रांगेत दिले जात नाही. हार घातलेल्या मुलांनाही तेच आणि तेवढेच मिळालेले आहे, फक्त त्यांना त्याची गरज अजून कळलेली नाही.

सम्यक

जय भीम. मी ख्रिस्ती नाही, पण प्रश्न जिव्हाळ्याचा वाटला म्हणून लिहीत आहे. माझ्या पणजोबांचे सख्खे भाऊ मिशनच्या शाळेत शिकले आणि ख्रिस्ती झाले. माझ्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. एकाच वाड्यातून दोन वाटा फुटल्या आणि दोन्ही वाटांवरच्या माणसांना एकच गोष्ट हवी होती. जन्माने चिकटलेली किंमत नाकारायची होती.

प्रवर्गाच्या रकान्याविषयी आधी लिहितो, कारण त्याचे उत्तर पाळकसाहेबांनी दिलेले नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा सुरुवातीला फक्त हिंदूंना होता; १९५६ मध्ये त्यात शीख आणि १९९० मध्ये बौद्ध समाविष्ट झाले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही त्याबाहेर आहेत. त्यामुळे एकाच खापरपणजोबांच्या वंशातील माझा आणि माझ्या ख्रिस्ती चुलत भावांचा कागद वेगळा आहे, जरी गावाने दोघांच्या आजोबांना पाणवठ्यावर सारखीच वागणूक दिली होती. हा अन्याय आहे, आणि त्याला आध्यात्मिक उत्तर शोधण्याचे कारण नाही. त्याच्यासाठी कायदा बदलावा लागेल.

राहिला मोलाचा प्रश्न. माझी अडचण अशी आहे की, जे मोल दुसऱ्याच्या नजरेतून मिळते ते त्या नजरेवर अवलंबून राहते, मग ती नजर देवाची का असेना. नाण्याची उपमा सुंदर आहे, पण माणूस नाणे नाही. त्याला आपण हरवलो आहोत हे कळते आणि स्वतःच्या पायांवर उठताही येते. आम्हांला लहानपणापासून शिकवले गेले की, स्वाभिमान कोणी देत नाही, तो स्वतः मिळवायचा असतो. तसेच धर्म बदलूनही मंडळीत जात शिल्लक राहते, हे बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजाविषयी स्पष्टपणे लिहून ठेवले आहे, आणि आपणही लग्नाविषयीच्या एका वाक्यात तेच लिहिले आहे. मग "ख्रिस्तामध्ये ओळख" या शब्दांचा सामाजिक पुरावा कोठे आहे? हे टोमणा म्हणून विचारत नाही.

वसईची थोरली

नमस्कार. आम्ही वसईचे कॅथोलिक, त्यामुळे आमचे शब्द थोडे वेगळे. आमच्याकडे उपासना नाही तर मिस्सा असतो. ओळखीचा घोळ मात्र आमच्या वाट्यालाही आलेला आहे. १५३४ ते १७३९ पर्यंत येथे पोर्तुगीज होते, त्यांनी दिलेली आडनावे आम्ही आजही लावतो आणि घरात कादोडी ही बोली बोलतो. ट्रेनमध्ये आडनाव सांगितले की समोरची बाई इंग्रजीत बोलू लागते, आणि मी मराठीत उत्तर दिले की कौतुकाने म्हणते, "अय्या, किती छान मराठी बोलता!" फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हाही काहींनी विरोध केलाच. तेव्हा गावाने, सरकारने किंवा ट्रेनमधील बाईने दिलेली ओळख आणि विश्वासातून मिळणारी ओळख या दोन गोष्टी मी वेगळ्या ठेवते. पहिलीसाठी भांडायला हवे, यात सम्यक यांच्याशी मी पूर्णपणे सहमत आहे.

दुसरीविषयी लिहिताना मला पंडिता रमाबाई आठवतात. लायकी म्हणावी तर त्यांच्याएवढी कोणाकडे होती? १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या, तेव्हा त्या जेमतेम विशीत होत्या. म्हणजे त्या काळच्या सर्वांत कठीण मुलाखतीत त्या उत्तीर्ण झाल्या होत्या. तरीही शास्त्रे वाचता वाचता स्त्रीला तिच्या स्वतःच्या नावाने मोक्षाचा मार्ग नाही, हे त्यांना दिसत गेले आणि पदवी त्यावर उपाय ठरली नाही. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी ख्रिस्ती भगिनी चालवत असलेले घर त्यांनी पाहिले. या स्त्रियांची एवढी काळजी तुम्ही का घेता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. विहिरीवर भर दुपारी एकटी आलेली ती स्त्री, जिच्या शोमरोनी समाजाशी यहूदी लोक संबंध ठेवत नसत, आणि तिच्याजवळ पाणी मागणारा येशू. रमाबाईंनी स्वतः सांगितले आहे की, हिंदुस्थानात आपण असे काही पाहिले नव्हते. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

सम्यक यांनी पुरावा विचारला आहे. माझ्या दृष्टीने पुरावा केडगावला आहे. रमाबाईंनी मुक्ती सदनात दुष्काळातून आणलेल्या मुली, विधवा, अंध स्त्रिया यांना जागा दिली आणि टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन काढले. फुलहॅमला जे पाहिले ते त्यांनी पुण्याजवळच्या माळरानावर करून दाखवले. परंतु मला त्याहून महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असे या बाईने जाहीरपणे लिहिले. मधल्या काळात इंग्लंडमधील धर्मभगिनींशी त्यांचे वादही झाले. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असे त्यांनी त्यांना खडसावले होते. ज्या स्त्रीला आपले मोल कळलेले असते ती उपकारकर्त्यांपुढेही मान तुकवत नाही, हे मला त्या पत्रव्यवहारात दिसते. दुसऱ्याच्या नजरेवर अवलंबून राहणाऱ्या माणसाचे लक्षण असे असते का?

आता घरातले सांगते. माझा धाकटा भाऊ गतिमंद आहे, वय ४४. त्याच्या दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करणाऱ्या संस्काराच्या, दिवशी बिशपांनी रीतीप्रमाणे नाव विचारले, तर त्याने कागदावरचे नाव न सांगता घरातले लाडके नाव सांगितले. मंडपात हशा पिकला. बिशप हसले नाहीत. त्यांनी तेलात अंगठा बुडवला, त्याच्या कपाळावर क्रूस काढला आणि त्याने सांगितलेलेच नाव घेतले. मी तेव्हा महाविद्यालयात होते आणि दरवर्षी पहिला क्रमांक आणत होते. मला जे तेल लावले होते तेच त्यालाही, थेंबभरही कमी नाही, हे पाहून मला आनंद झाला असे लिहायला आवडले असते. खरे म्हणजे मला थोडा राग आला होता. पाळकसाहेबांनी लिहिलेल्या त्या दिवसभर राबलेल्या मजुरांची मी सख्खी बहीण. आजही लग्नकार्यात भावाची ओळख करून देताना माझा आवाज उतरतो. तेव्हा मुळाकाठच्या ताई, शेवटच्या बाकावर बसून हा प्रश्न पडणे तुम्हांला त्रासाचे वाटते, पण पहिल्या बाकावरच्यांना तो पडतच नाही, आणि मला तो पडायला वीस वर्षे लागली.

मिरजेची परिचारिका

ताई, सर्वांनी फार मोलाचे लिहिले आहे. मी थोडेच आणि वेगळ्या बाजूने लिहिते. आपण कशाच्याही उपयोगाचे नाही, हा विचार तुम्हांला निकालाची आठवण आल्यावर येतो की रोज, दिवसभर असतो? झोप, भूक, मुलांना शिकवण्यातील रस यांवर त्याचा परिणाम झाला आहे का? तसे असेल तर ते विश्वास कमी पडल्याचे लक्षण नसून नैराश्याचे असू शकते, आणि त्यावर उपचार आहेत. आमच्या मंडळ्यांत लोक मधुमेहाची गोळी निमूटपणे घेतात आणि मनाच्या गोळीसाठी मात्र उपवास-प्रार्थना सांगतात, हे मी तीस वर्षे पाहत आले आहे.

बायबलमधील 'पहिले राजे' या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. आदल्याच अध्यायात त्याने कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला असतो, म्हणजे यशस्वी माणसालाही ते झुडूप चुकत नाही. देवदूत त्याला आधी उपदेश करत नाही. झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो आणि पुन्हा खायला देतो. तू येथे काय करीत आहेस, हा देवाचा प्रश्न त्यानंतर कितीतरी दिवसांनी येतो. गरज वाटल्यास टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येते आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.

निवृत्त पाळक

सम्यक, तुमचे म्हणणे मी दोनदा वाचले. मंडळीतील जातीविषयी माझ्याजवळ बचाव नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी तर जात देवाने केलेली नाही हा निष्कर्ष बाप्तिस्मा घेण्यापूर्वीच स्वतःच्या विचाराने काढला होता, आणि चार पिढ्या ख्रिस्ती असलेली माझ्या ओळखीची कुटुंबे आजही सोयरीक जुळवताना मूळ गाव विचारतात. ते कशासाठी विचारतात, हे तुम्हांला सांगायला नको.

एका ठिकाणी मात्र आपले जमणार नाही. स्वाभिमान स्वतः मिळवायचा असे तुम्ही म्हणता, आणि ज्यांच्यावर शतकानुशतके हीनपणा लादला गेला त्यांनी उठून तसे म्हणणे किती आवश्यक होते, हे मला समजते. पण वसईच्या भगिनींचा तो भाऊ काय मिळवणार? ज्याला उठता येत नाही त्याचेही मोल पूर्ण आहे, हे सांगायला मला देवाची नजर लागते. तुम्हांला ती लागत नसेल तर तुम्ही ते दुसऱ्या वाटेने सांगत असाल, त्याबद्दल मला आदरच आहे.

सम्यक

लागत नाही, पण प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे त्याचे उत्तर करुणा या शब्दात आहे, आणि ती मोल ठरवत बसत नाही. त्यावर वेगळे लिहीन, येथे मूळ प्रश्न बाजूला पडेल.

मुळाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण मध्ये मुलांच्या घटक चाचण्या होत्या.

परिचारिका ताई, झोपेविषयी आपण बरोबर ओळखलेत. मी नगरला जाऊन डॉक्टरांना दाखवून आले आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावले आहे. सोबत आई आली होती.

पाळकसाहेब, लायकी आणि मोल हा फरक मला पटला, पण तो मला पूर्ण पुरला नाही, हेही लिहायला हवे. सहा वर्षे मी जे मोजून घेतले ते सगळे लायकीचेच होते, हे समजले तरी त्या वर्षांचे काय करायचे ते अजून कळलेले नाही. वसईच्या ताईंनी रागाविषयी लिहिले ते वाचून मात्र हलके वाटले. हार घालताना मलाही राग आला होता. प्रश्न लिहिताना मी टाळ्यांचा उल्लेख केला आणि रागाचा गाळला. सम्यक दादा, कायद्याच्या जागी प्रार्थना ठेवू नये, हे मी आमच्या तरुण संघात मांडणार आहे. किती जण ऐकतील, सांगता येत नाही.

एक गोष्ट मी केली. आमच्या पाळकसाहेबांना भेटून सांगितले की, प्रार्थनेच्या यादीत माझे नाव ठेवा, पण त्यापुढे परीक्षा लिहू नका, नोकरीही लिहू नका. ते म्हणाले, मग कशासाठी प्रार्थना करायची? मी म्हटले, नुसते नाव घ्या. ते जरा गोंधळले. या रविवारी त्यांनी नुसते नाव घेतले आणि नंतर क्षणभर थांबले, बहुधा पुढे काय म्हणावे हे न सुचल्यामुळे. मी आशीर्वाद होईपर्यंत बसले होते.

आता एक छोटा प्रश्न. रविवारच्या शाळेच्या बाई बाळंतपणासाठी माहेरी गेल्या आहेत आणि तीन महिने तो वर्ग मी घेणार आहे. पुढचा धडा हरवलेल्या नाण्याचाच आहे. मुले चौकस आहेत. दिवसा दिवा कशाला लावला आणि एका नाण्यासाठी एवढा खटाटोप का, असे विचारतीलच. काय सांगू?

निवृत्त पाळक

ते चांदीचे ग्रीक नाणे होते, द्रख्मा. साधारण एका दिवसाच्या मजुरीएवढे. तेव्हा मुलांना असे सांग की, आईची शेतातील एका दिवसाची खुरपणी त्या नाण्यात होती. खटाटोपाविषयी ती पुन्हा विचारणार नाहीत. दिव्याविषयी सांगायचे तर, त्या भागातील गरिबांची घरे लहान आणि अंधारी असत, उजेड येई तो बहुतेक दारातूनच, आणि जमीन माती किंवा दगडांची असल्यामुळे नाणे फटीत गेले की दिवसाही दिसत नसे. तुझ्या गावात एखादे जुने माळवदाचे घर अजून उभे असेल तर मुलांना तेथे घेऊन जा, जमिनीवर एक रुपया टाक आणि दार लावून घे. केरसुणी बरोबर ने.